ईस्ट इंडियाची शाई

तळघरातल्या त्या खोलीत आता सायकली ठेवतात.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा प्रमुख रुलॉफ, त्याच्या निवृत्तीच्या समारंभाला फेना गेली, तेव्हा कोट अडकवायला जागा शोधता शोधता तिचे पाय सवयीने जिना उतरले, डावीकडे वळले आणि तिने दार ढकललं. आत ओळीने सायकली. जिथे लेझरचं जड मेज असायचं, तिथे कुणाची तरी मागे पोराची खुर्ची लावलेली सायकल भिंतीला टेकून उभी. भिंतीवर खाली एक काळपट डाग मात्र अजून होता. त्यावर कितीदा चुना फासला असेल, देव जाणे. तो डाग पुन्हा वर येतो. ती चांगली शाई होती.

फेना तिथे जरा वेळ उभी राहिली. वर भाषणं सुरू झाली असतील. भाषणांत यंत्राचा इतिहास असेल, कोणत्या साली काय झालं ते असेल. या खोलीत तिला काय हवं होतं आणि ते तिला कसं मिळालं, ते कुणाच्या भाषणात असणार नव्हतं.

त्या काळात गावातल्या बायका तिला विचारायच्या, "फेना, तू दिवसभर करतेस तरी काय त्या तळघरात?"

"उजेडाचा आवाज ऐकतो आम्ही."

"उजेडाला कुठे आवाज असतो?"

"उजेडाला नसतो. उजेड पिणाऱ्याला असतो."

मग शेजारीण हातातली टोपली खाली ठेवायची आणि फेनाला सगळं सांगावं लागायचं. कातडीवर उजेडाचा अगदी लहानसा ठोका मारायचा. आतलं रक्त तो उजेड पितं. प्यायल्यावर किंचित तापतं, किंचित फुगतं, आणि फुगताना त्यातून एक आवाज सुटतो. इतका बारीक, की माणसाच्याच काय, कुत्र्याच्याही कानाला तो कळत नाही. पण कातडीला यंत्राचा कान लावून ठेवला, तर तो ऐकतो आणि पडद्यावर आतल्या शिरांचं चित्र उमटतं. चिरफाड नाही, क्ष-किरण नाहीत.

"आणि जिथे रक्त थोडं असेल तिथे?" एकदा एका हुशार शेजारणीने विचारलं होतं.

"तिथे आवाज क्षीण. म्हणून तर मला पगार देतात."

फेनाचं काम तेच होतं. जिथे शरीर आपणहून पुरेसं बोलत नाही, तिथे उजेड जास्त पिणारं काहीतरी सोडायचं, म्हणजे चित्राला उठाव येतो. शोधनिबंधांमध्ये या द्रव्यांना लांबलचक नावं होती. खोलीत सगळे त्यांना 'शाई' म्हणत, कारण सुरुवातच शाईने झाली होती. चित्रकारांच्या दुकानात मिळते ती दाट काळी शाई. डच लोक तिला ईस्ट इंडियाची शाई म्हणतात, कारण ती कधीकाळी त्या बाजूच्या जहाजांतून आली. फेना चायना ग्रास उकळून त्यात थोडं दूध घालायची आणि त्याची खरवसासारखी वडी थापायची. ते खोटं मांस. त्यातून केसासारखी बारीक नळी ओवायची, नळीत पाण्याने पातळ केलेली शाई भरायची. ती खोटी शीर. मग दिवे मालवून लेझर सुरू करायचा आणि पडद्यावर ती शीर उजळली, की रुलॉफ म्हणायचा, "याहून वाईट झालं असतं."

नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या या ट्वेन्टे भागात याहून मोठं कौतुक नाही. तिकडची माणसं 'उत्तम' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. लग्नात नवरी कशी दिसते विचारलं तरी 'याहून वाईट दिसली असती' म्हणतील, आणि नवरीची आई ते ऐकून सुखावेल. फेनाच्या वडिलांनी तिच्या आईला मागणी घातली होती ती 'आमच्या गोठ्यात अजून एका माणसाला जागा आहे' एवढ्या शब्दांत. आईने चार दिवस विचार केला आणि मग स्वतःचं दूध काढायचं स्टूल घेऊन ती त्यांच्याकडे आली. पुढे पन्नास वर्षं संसार झाला, पण गोठ्याच्या पलीकडचा शब्द दोघांपैकी कुणी काढला नाही.

खोलीच्या शेजारी झ्वीरची कार्यशाळा होती. यंत्राला लागणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पितळी पट्टी तो घडवायचा. बारीक अंगाचा, पुढे झुकून चालणारा, फार न बोलणारा माणूस. पंधराव्या वर्षी तो एन्सखेडेच्या कापड गिरणीत मागावर लागला होता. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा बरीच माणसं घरी बसली. झ्वीर मात्र लेथ शिकला आणि विद्यापीठात आला. गिरणीबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचा, "गोंगाट होता."

त्याला खोलीत सगळे 'ईस्ट इंडियाचा बहिरा' म्हणत. डच भाषेतला हा जुना शब्द आहे. ज्याला ऐकू येतं, पण सोयीचं नसलं की न ऐकल्यासारखं करतो, त्याला तो चिकटतो.

रुलॉफ दारातून ओरडायचा, "झ्वीर, ती कार्यशाळा जरा आवर! उद्या तपासणीवाले येतायत!" झ्वीरचा हात लेथवर तसाच चालू. मान वर नाही.

"झ्वीर!"

काही नाही.

मग फेना कपाटातून कॉफीचे कप काढायची आणि कप मेजावर टेकायच्या आत झ्वीर हात पुसत हजर.

"बघा," रुलॉफ म्हणायचा, "शाई आणि हा, दोघं एकाच जहाजातून आलेत."

झ्वीर हसायचा आणि बिस्किटाच्या डब्याकडे बघायचा. तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि डबा बंद होतो. फेना झ्वीरपुढे मात्र डबा दुसऱ्यांदा उघडायची. कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

झ्वीरही आपल्या परीने काही ना काही करायचा. तिच्या ॲप्रनसाठी पितळेचा आकडा. तिच्या परीक्षानळ्यांसाठी तिच्याच उंचीला जुळेल असा स्टँड. उन्हाळ्यात ती सुट्टीवर गेली की तिच्या खुर्चीची चाकं तेल घातलेली मिळायची. "हे तू केलंस?" विचारलं तर खांदे उडवायचा. वर्षं अशी जात होती. दोघांनी पन्नाशी ओलांडली होती, दोघांचं लग्न व्हायचं राहून गेलं होतं.

मग सोन्याचे दिवस आले.

शाई वडीत ठीक होती, पण माणसाच्या अंगात ती कशी सोडणार? म्हणून मधल्या काळात डॉक्टर वापरतात तो हिरवा रंग वापरून पाहिला. तो अंगातून भराभर निघून जायचा. मग रुलॉफने सोन्याच्या कांड्यांचं मनावर घेतलं. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावाव्यात. कांडी योग्य लांबीची झाली, की मांसातून आरपार जाणारा तांबडा, जवळपास न दिसणारा उजेड ती घटाघटा पिते. गंमत म्हणजे त्या लांबीच्या कांड्यांचं पाणी सोनेरी नसतं, काळपट तपकिरी असतं. आणि सोन्याच्या गोल गोळ्यांचं पाणी लालभडक.

त्या कांड्या वाढवायचं काम फेनाचं. आधी सोन्याचे इवलेसे कण करायचे. बाकीचे त्यांना बी म्हणत, पण ते काम खरं तर विरजणाचं होतं. ते थेंबभर दुसऱ्या द्रवात घालायचे, ऊब द्यायची आणि अजिबात हलवायचं नाही. फेना भांडं ठेवून निघताना दारावर 'पाय वाजवू नका' अशी पाटी लावायची. सकाळी कोट न काढता आधी भांड्याकडे जायची. पाणी तपकिरी झालेलं असलं तर दिवस चांगला.

एकदा इफ्केने घोळ केला. इफ्के फ्रीसलंडची, संशोधन करायला आलेली मुलगी. हाडापेराने दणकट, आवाजाने त्याहून. चित्र अजून स्पष्ट यावं म्हणून तिने लेझरचा जोर वाढवला. क्षणभर पडद्यावर इतकं सुंदर चित्र आलं की सगळे उभे राहिले. आणि मग सगळं विझलं. यंत्र ठीक, तारा ठीक, पण आवाजच नाही. फेनाने नळी उजेडात धरली. सकाळी तपकिरी असलेलं पाणी लाल झालं होतं. तापून कांड्या वितळल्या होत्या आणि त्यांच्या गोळ्या झाल्या होत्या. आता त्या उजेडाला त्या दाद देणार नव्हत्या.

"बहिरं झालं सोनं," इफ्के डोक्याला हात लावून म्हणाली. "मी ओरडले आणि ते बहिरं झालं."

"तुझ्या आवाजाने आमचंही होईल," रुलॉफ म्हणाला.

सगळे हसले. झ्वीरने मात्र ती नळी फेनाच्या हातातून घेतली आणि बराच वेळ दिव्याशी धरून पाहिली. "याचं पुन्हा तसं होत नाही?" त्याने विचारलं.

"नाही. वितळून पुन्हा पहिल्यापासून."

"हं," तो म्हणाला आणि नळी परत दिली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. त्या हिवाळ्याच्या आधी फेनाची आई गेली होती आणि वडील तर त्याच्याही आधी. एवढं मोठं शेतघर, त्यात ती एकटी. मागच्या अंगाला पूर्वी गोठा होता, तिथे वडिलांनी दोन नीटस खोल्या करून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या. शुक्रवारी दुपारी इफ्के आणि रुलॉफ लवकर निघाले. फेना विषारी धूर ओढून घेणाऱ्या, काचेच्या सरकत्या तावदानाच्या कपाटापाशी उभी राहून भांडी धूत होती. भांड्यांना चिकटलेलं सोनं साध्या साबणाने निघत नाही, त्याला आम्लराज लागतं आणि त्याचा धूर वाईट. पंखा घरघरत होता. मागे झ्वीर तिच्या मेजाचा खण दुरुस्त करत बसला होता.

तोंड फिरवून हे बोलणं तिला जमलं नसतं. समोरच्या काचेकडे बघत, हातातलं भांडं विसळत ती म्हणाली, "मागचं घर रिकामं पडलंय. येतोस का राहायला?"

पंखा घरघरत राहिला. तिने भांडं पालथं घातलं, दुसरं घेतलं. कानशिलं तापली होती. मागे खणाचा आवाज थांबला होता.

बऱ्याच वेळाने झ्वीर म्हणाला, "नळ गळतोय." आणि वायसर आणायला कार्यशाळेत निघून गेला.

ईस्ट इंडियाचा बहिरा! फेनाने उरलेली भांडी इतक्या जोरात घासली की एक फुटलं. सोमवारी कॉफीच्या वेळी झ्वीरला एक बिस्कीट मिळालं आणि डबा टपकन बंद झाला. झ्वीरने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कप उचलला.

असं दोन वर्षं चाललं. इफ्केने एकदा धीर करून विचारलं, "फेना, तुम्ही आणि झ्वीर भांडलात का?"

"भांडायला समोरच्याला ऐकू यावं लागतं," फेना म्हणाली.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ट्वेन्टेची बाई एकदा विचारते, तेही फार झालं. पण घरी मागच्या खोल्यांच्या खिडक्या ती दर शनिवारी पुसत राहिली. का पुसते, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

मग विद्यापीठाचा खुला दिवस आला. त्या दिवशी गावातली माणसं पोरंबाळं घेऊन येतात, प्रयोगशाळा बघतात. आपल्या खोलीत लोकांना दाखवणार काय, हा प्रश्न होता, कारण यंत्राचा आवाज कुणाला ऐकू येत नाही आणि पडद्यावरच्या शिरा बघून पोरं कंटाळतात. झ्वीर म्हणाला, "ऐकू येणारा करू." त्याने काचेची बरणी घेतली, आतून मेणबत्तीची काजळी धरली, झाकणातून रबरी नळी काढली. बरणीसमोर प्रखर दिवा आणि मध्ये भोकं पाडलेली पितळी तबकडी. तबकडी फिरली की उजेड तुटक तुटक काजळीवर पडायचा, आणि नळी कानाला लावली की बरणी चक्क गुणगुणायची. तबकडी जोरात फिरवली की सूर चढायचा. रुलॉफ पोरासारखा खूश झाला. "याहून फारच वाईट झालं असतं," तो म्हणाला. फार म्हणजे फारच मोठी शाबासकी.

खुल्या दिवशी खोली भरून गेली. दाराशी फेना मनुकांच्या लांबलचक पावाचे काप करून लोणी लावत होती, आणि झ्वीर स्वच्छ सदऱ्यात बरणीपाशी उभा. पोरं रांगेत. एकेक पोर नळी कानाला लावायचं आणि डोळे मोठे करायचं.

दुपारी गर्दीत कुणाचा तरी कोपर दिव्याला लागला. दिवा जरासा वळला आणि उजेड बरणीच्या बाजूने भिंतीवर पडू लागला. तबकडी मात्र ऐटीत फिरत होती.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली, "काहीच वाजत नाहीये."

झ्वीर खाली वाकला. "काय गं?"

"वाजत नाही!"

त्याने तिच्या हातातली नळी घेतली, कानाला लावली, तबकडीकडे बघत मान डोलावली. "वाजतंय की! मस्त घुमतंय. नीट लाव कानाला."

"नाही वाजत!" तिच्या भावाने नळी ओढून ऐकलं. "आजोबा खोटं बोलतायत!"

मागून रुलॉफनेही नळी लावून पाहिली आणि खोखो हसत सुटला. "अरे, दिवा भिंतीला उजेड देतोय! झ्वीर, ईस्ट इंडियाचा बहिरा आम्हाला माहीत होता. ईस्ट इंडियाचा ऐकणारा आज पाहिला!"

सगळी खोली हसली. झ्वीरही हसला.

पण फेनाच्या हातातली लोण्याची सुरी तशीच राहिली. झ्वीर हसला तो रुलॉफच्या बोलण्याला नाही. त्याने आधी रुलॉफचं तोंड पाहिलं, मग पोरांची, मग इफ्केचं, आणि सगळे हसतायत असं बघून मग तो हसला. श्वासभर उशिरा. हे उशिराचं हसू तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि तिला वाटायचं, हा माणूस सावकाश हसतो.

तिने सुरी ठेवली, जाऊन दिवा सरळ केला आणि परत येऊन पाव कापू लागली.

गर्दी ओसरल्यावर झ्वीर पाठमोरा बसून तारेचं भेंडोळं गुंडाळत होता. पंखा नव्हता, यंत्र बंद होतं. फेना त्याच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"झ्वीर, पाव संपला."

भेंडोळं फिरत राहिलं.

"झ्वीर, तुझ्या सदऱ्यावर कोळी चढतोय."

काही नाही.

"झ्वीर, तू गाढव आहेस." आणि मग, त्याहून हळू, "मीही."

त्याने तार कापली आणि पुढचं भेंडोळं घेतलं.

त्या रात्री फेनाला हसूही आलं आणि रडूही. दोन वर्षं ती ज्याच्यावर रुसली होती, त्याला रुसण्याचं कारणच पोचलं नव्हतं. कपांचं कोडंही सुटलं. कपांचा आवाज तो ऐकत नव्हता, कपाट उघडताना बघत होता. गिरणीतला तो 'गोंगाट' त्याचे कान घेऊन गेला होता, आणि ध्वनी ऐकणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माणसाने ते सांगायचं कसं? त्यापेक्षा लबाड म्हणवून घेतलेलं बरं. लबाडाला लोक हसतात, पण ठेवून घेतात.

पण सकाळी खिडकी पुसताना तिचा हात थांबला. तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही, कारण त्याला ऐकू आलं नाही, असं आता तिला म्हणता येत होतं. ही समजूत गोड होती. आता समोर जाऊन विचारलं आणि तरीही तो गप्प राहिला, तर ती गोड समजूतही जायची. मग रिकाम्या खोल्या खरोखरच रिकाम्या. विचारायचं की नाही? सगळा रविवार तिने त्यावर घालवला. जेवणात बटाटे करपले.

सोमवारी ती कार्यशाळेत गेली. झ्वीर ती पितळी तबकडी साफ करत होता. तिने दार लावलं, फिरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याने वर बघेपर्यंत थांबली.

"तुला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

झ्वीरने तबकडी खाली ठेवली. चेहऱ्याचा रंग उतरला होता. "उजव्याने येतं थोडं. डावा गेला." मग घाईने, "रुलॉफला सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू?"

"इथे कुणालाच ऐकू येत नाही, फेना. रुलॉफला नाही, त्या पोरीला नाही. जे ऐकायचं ते यंत्र ऐकतं आणि आपण सगळे बघतो. म्हणून तर मी इथे टिकलो. दुसरीकडे कुठे मी सगळ्यांसारखा झालो असतो?"

तिला हे कधी सुचलं नव्हतं. ती क्षणभर आपण कशासाठी आलो तेच विसरली.

"दोन वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "एका शुक्रवारी मी भांडी धूत होते, तू खण दुरुस्त करत होतास. तेव्हा मी तुला एक विचारलं होतं. ते तुला ऐकू आलं नाही, हो ना?"

"नाही आलं," झ्वीर म्हणाला.

फेनाने मोठा श्वास घेतला. आणि ती पुढचं बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण दिसलं."

"काय दिसलं?"

"तुझं तोंड. समोरच्या काचेत." त्याने मान खाली घातली होती, ती पुन्हा वर केली, तिचे ओठ दिसायला हवेत म्हणून. "मागांच्या खोलीत कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. आम्ही सगळे ओठ वाचूनच बोलायचो. सबंध हॉलभर पलीकडच्या पोरीची चेष्टा करायचो, आवाज न काढता. ते काही विसरायला होत नाही."

"म्हणजे तुला कळलं होतं!" फेनाचा आवाज चढला. "दोन वर्षं तुला माहीत होतं, आणि तू सांगतोस नळ गळतोय? खरंच ईस्ट इंडियाचा बहिरा आहेस तू! लोक उगीच म्हणत नाहीत! आणि मी वेड्यासारखी तुझी बाजू घेत काल सगळा दिवस—"

"हळू," झ्वीर म्हणाला. "जोरात बोललीस की ओठ वाकडे होतात. मला वाचता येत नाही."

ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली.

"शब्द दिसले," तो म्हणाला. एवढं सलग बोलण्याची त्याला सवय नव्हती, तो एकेक वाक्य उचलून ठेवल्यासारखं बोलत होता. "मागचं घर रिकामं आहे, येतोस का राहायला. अक्षर न् अक्षर दिसलं. पण सूर नाही दिसला. ओठांवर सूर दिसत नाही, फेना. तुला भाडेकरू हवा होता? घर रिकामं राहिलं की छप्पर गळतं, म्हणून माणसं भाडेकरू ठेवतातच. की दुसरं काही होतं? ऐकू येणाऱ्या माणसाला ते कळलं असतं. मी तिथे बसून तुझ्या पाठीकडे बघत राहिलो. पाठीवरून काय कळणार? मी त्या दुसऱ्या अर्थाने हो म्हणालो असतो आणि तू वळून मला महिन्याचं भाडं सांगितलं असतंस, तर मी सोमवारी कुठल्या तोंडाने कॉफी प्यायला आलो असतो?"

"मग विचारायचं होतंस."

"विचारणार होतो. पण तू डबा बंद केलास. म्हटलं, बरं झालं विचारलं नाही. भाडेकरूच हवा होता, आणि मी साधं उत्तर दिलं नाही म्हणून रागावली."

फेनाला खुर्ची हवी होती, पण कार्यशाळेत एकच होती आणि तिच्यावर झ्वीर बसला होता. ती लेथला टेकून उभी राहिली. तिच्या घराण्यात, तिच्या गावात, ते शब्द कुणी सरळ उच्चारले नव्हते. वडिलांनी गोठा मध्ये घातला होता, तिने मागचं घर. आता मध्ये घालायला काही उरलं नव्हतं. ती पुढे झाली, त्याच्या उजव्या बाजूला आली, मग तेवढ्याने भागणार नाही असं वाटून पुन्हा समोर आली. ओठ वाकडे होणार नाहीत इतक्या बेताने आणि आवाज कापू नये इतक्या सावकाश ती म्हणाली, "नवरा म्हणून, झ्वीर. भाडेकरू नको आहे मला."

झ्वीरने तिचे ओठ वाचले. ओठांवरून त्याची नजर डोळ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. मेजावरचा फडका उचलून त्याने हात पुसले, जे पुसायची गरज नव्हती.

"दार अरुंद आहे," तो म्हणाला.

"कसलं दार?"

"मागच्या घराचं. अंगणाकडचं. माझा घरचा लेथ त्यातून जाणार नाही. चौकट काढावी लागेल. विटा जुन्या आहेत, पण निघतील."

फेना त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला काय माहीत ते दार केवढं आहे?"

"माप घेतलंय."

"कधी?"

"तेव्हाच. त्याच रविवारी. तू चर्चला गेली होतीस."

"आणि शेजाऱ्यांचा कुत्रा? तो तर पाखरू आलं तरी गल्ली डोक्यावर घेतो. भुंकला नाही?"

झ्वीरने जरा विचार केला.

"भुंकला असेल," तो म्हणाला.